ईदचा चाँद आणि उंबराचे फूल : आलंकारिक भाषेच्या अध्यापनाची एक समीक्षा

प्रास्ताविक

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत वर्षानुवर्षे दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘पुढील वाक्यातील अलंकार ओळखा’ हा पहिला आणि ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा दुसरा. उर्दूच्या प्रश्नपत्रिकेत तश्बीह आणि इस्तिआरा यांची तारीफ, म्हणजे व्याख्या, विचारली जाते आणि मुहावरे जुमल्यांत वापरायला सांगितले जातात. भाषा दोन असल्या तरी प्रश्नांचा साचा एकच आहे. या साच्यात विद्यार्थी गुण मिळवतात. पण आलंकारिक भाषा त्यांना समजली का, आणि गरज पडेल तेव्हा ती त्यांना वापरता येते का, हे या प्रश्नांवरून कळत नाही. प्रस्तुत लेखात या साच्याची तपासणी केली आहे. दोन्ही भाषांच्या शास्त्रपरंपरांतच त्याला पर्याय कसा उपलब्ध आहे, हेही पाहिले आहे. बेळगाव, निपाणी, हैदराबाद अशा ठिकाणी घरी दखनी आणि शाळेत मराठी किंवा उर्दू अशा दुहेरी वातावरणात वाढणारे मूल या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे.

खुणेवरून ओळख

प्रचलित व्याकरणपुस्तिकांत प्रत्येक अलंकाराची व्याख्या, त्याचे खुणेचे शब्द आणि दोन-तीन उदाहरणे असतात. ‘सम, सारखा, प्रमाणे, परी’ दिसले की उपमा आणि ‘जणू, गमे, वाटे, भासे’ दिसले की उत्प्रेक्षा, असा नियम विद्यार्थी पाठ करतात. परीक्षेत तो बहुतेक वेळा उपयोगीही पडतो, आणि त्याचा धोका नेमका इथेच आहे. ‘बाळ काल रात्री सारखे रडत होते’ या वाक्यात ‘सारखे’ म्हणजे सतत. त्यात कोणतीही तुलना नाही. ‘जणू तुला काही माहीतच नाही!’ हे वाक्य उपरोधाचे आहे, त्यात उत्प्रेक्षा नाही. उर्दूत ‘थोडा सा पानी’ मधील ‘सा’ आणि ‘फूल सा चेहरा’ मधील ‘सा’ दिसायला एकच आहेत, पण पहिल्यात तश्बीह नाही आणि दुसऱ्यात आहे. खुणेवर विसंबणारा विद्यार्थी अशा ठिकाणी फसतो. त्याने अभ्यास केलेला नसतो असे नाही. वाक्य न वाचता शब्द शोधायचा, एवढेच त्याला शिकवलेले असते.

वाक्प्रचारांच्या प्रश्नाचीही हीच स्थिती आहे. ‘पोटात कावळे ओरडणे – खूप भूक लागणे’ अशी जोडी पाठ केली जाते. त्यानंतर विद्यार्थी ‘रामूच्या पोटात कावळे ओरडू लागले’ असे वाक्य लिहितो आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. या वाक्यातून त्याला वाक्प्रचाराचा अर्थ कळला आहे की नाही, हे ठरवता येत नाही. ‘पोटात कावळे ओरडणे’ च्या जागी त्याला अजिबात न समजलेला कोणताही वाक्प्रचार घातला, तरी वाक्य असेच दिसेल.

दोन परंपरांचे एक सूत्र

या स्थितीवर उपाय शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. मराठीचे अलंकारशास्त्र संस्कृतातून आणि उर्दूचे इल्मे बयान अरबी-फारसीतून आलेले असले, तरी तुलनेची फोड दोन्हींनी जवळपास सारखीच केली आहे. मराठीत उपमेय, उपमान, साधर्म्य आणि साम्यवाचक शब्द असे उपमेचे चार घटक सांगतात. उर्दूत त्यांनाच अनुक्रमे मुशब्बह, मुशब्बह बिही, वजहे शबह आणि हर्फे तश्बीह म्हणतात. वर्गात सर्वाधिक वेळ चौथ्या घटकावर जातो, कारण तो डोळ्यांना दिसतो. तुलनेचा प्राण मात्र तिसऱ्या घटकात, म्हणजे साधर्म्यात आहे, आणि ते बहुधा वाक्यात लिहिलेले नसते. ते वाचकाला शोधावे लागते.

लक्षणेच्या विवेचनात हे साम्य अधिक स्पष्ट होते. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या. शब्दाचा मूळ अर्थ तिथे जुळू नये, हा मुख्यार्थबाध. नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी काही संबंध असावा, हा मुख्यार्थयोग. आणि असा प्रयोग करण्यामागे रूढी तरी असावी किंवा काही प्रयोजन तरी असावे. ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ हे या चर्चेतील प्रसिद्ध उदाहरण. प्रवाहावर वाडा वसत नाही, म्हणून गंगा म्हणजे गंगेचा काठ. शिवाय काठ न म्हणता गंगा म्हटल्याने तिथला थंडावा आणि पावित्र्य सुचते. त्याच शतकात अब्दुल काहिर जुरजानी यांनी ‘असरारुल बलागा’ या ग्रंथात तश्बीह आणि इस्तिआरा यांची सखोल चर्चा केली. पुढे अरबी-फारसी बलागतीत मजाजसाठी दोन अटी रूढ झाल्या. मूळ अर्थ घेऊ देत नाही तो करीना आणि दोन अर्थांना जोडतो तो अलाका. करीना म्हणजे मुख्यार्थबाधाची खूण आणि अलाका म्हणजे मुख्यार्थयोग. अलाका साम्याचा असेल तर इस्तिआरा आणि अन्य प्रकारचा असेल तर मजाजे मुर्सल, एवढाच पुढचा फरक आहे.

ही परिभाषा मुलांना पाठ करायला देणे म्हणजे पुन्हा जुनाच साचा उचलणे होईल. ती शिक्षकासाठी आहे. तिच्यातून वर्गासाठी तीन साधे प्रश्न निघतात. हे वाक्य शब्दशः खरे आहे का? नसेल, तर कोणता धागा या दोन गोष्टींना जोडतो? आणि सरळ न सांगता असे सांगितल्याने काय मिळाले?

मूल रूपक कसे समजून घेते

मुलांच्या आकलनाविषयी एलेन विनर, रोझेन्स्टील आणि हॉवर्ड गार्डनर यांचा 1976 मधील अभ्यास शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना त्यांनी रूपकात्मक वाक्ये ऐकवली. त्यांपैकी एक वाक्य तुरुंगाचा पहारेकरी कठीण खडक बनला, अशा आशयाचे होते. काही लहान मुलांनी त्याचा अर्थ जादूने लावला, म्हणजे कोणी तरी पहारेकऱ्याचा खरोखरच दगड केला असावा. काहींनी नुसता शेजार पाहिला, म्हणजे तुरुंगाच्या भिंती दगडी आहेत आणि तो तिथे काम करतो. काहींना वाटले की त्याचे अंग टणक झाले. त्याचे मन कठोर झाले, हा अर्थ साधारण दहाव्या वर्षापासून स्थिरपणे येऊ लागला.

शिक्षकांनी यातून घ्यायचा बोध असा की चुकलेले उत्तर रिकामे नसते. भिंतींकडे पाहणाऱ्या मुलाने अलाका शोधला आहे, पण तो साम्याचा नाही, सान्निध्याचा आहे. अंग टणक झाले म्हणणाऱ्या मुलाने साधर्म्यच शोधले आहे, पण ते शरीरापाशी थांबले आहे. अशा उत्तरावर नुसती फुली मारली तर मूल कुठपर्यंत पोहोचले होते, हे शिक्षकालाही कळत नाही. ‘टणक म्हणजे त्याचे काय टणक झाले?’ एवढ्या एका प्रश्नाने मूल पुढची पायरी चढू शकते. इथे एक कटू बाबही नोंदवली पाहिजे. आपल्या वर्गांत मुलांच्या कानी सर्वाधिक वेळा पडणारी रूपके म्हणजे ‘दगड’, ‘गाढव’ आणि ‘नंदीबैल’. ती त्यांच्याच नावाने उच्चारली जातात आणि त्यांचा अर्थ मात्र कोणालाही समजावून द्यावा लागत नाही. ज्या मुलाला रूपक कळत नाही असे आपण म्हणतो, त्याला हे रूपक पहिल्याच दिवशी कळते.

दोन कविता, दोन वर्ग

उर्दू शाळांच्या सकाळच्या मजलिसीत इक्बाल यांची ‘बच्चे की दुआ’ पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाते. 1924 च्या ‘बांगे दरा’ या संग्रहात ती आहे. मूल ती रोज म्हणते, पण तिच्यातील तुलनांकडे वर्गात क्वचितच पाहिले जाते. दुआच्या आरंभी मूल आपले आयुष्य शमेसारखे व्हावे असे मागते. पुढे आपल्यामुळे देशाची शोभा वाढावी, फुलामुळे बागेची वाढते तशी, असे म्हणते. त्यानंतर ते परवाना, म्हणजे पतंग, होऊ इच्छिते आणि तेव्हा शमा असते विद्या. एकाच कवितेत मूल आधी ज्योत आहे आणि नंतर ज्योतीकडे झेपावणारा जीव. ‘शमा म्हणजे कोण?’ या प्रश्नाला इथे एक उत्तर नाही. उपमान तेच, साधर्म्य बदलले. पहिल्या ठिकाणी अंधार दूर करणे हा धागा आहे, दुसऱ्या ठिकाणी ओढ लावणे.

एखादा विद्यार्थी म्हणेल, शमा तर वितळून संपते. उत्तर खोटे नाही. उर्दू शायरीत शमेचे जळणे आणि वितळणे ठायी ठायी येते. पण या दुआत मूल काय मागते आहे, ते लगतच्या ओळीतल्या उजेडावरून ठरते. शेजारची ओळ हाच करीना. परवान्याचेही तसेच. गझलेत तो जळून जातो, मुलाच्या दुआत फक्त त्याची ओढ घेतली आहे. उपमानाचे सगळे गुण तुलनेत येत नाहीत, कवी त्यांतून निवड करतो, हे मुलाला यापेक्षा सोप्या उदाहरणाने दाखवता येणार नाही. ‘विद्येची शमा’ हा प्रयोग तर साम्यवाचक शब्दाशिवायच आला आहे. उपमेकडून रूपकाकडे नेणारा टप्पा एकाच कवितेत हाताशी आहे.

मराठी वर्गासाठी बहिणाबाई चौधरी यांची ‘संसार’ ही कविता याच कामाची आहे. खानदेशातील आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाईंना (1880–1951) अक्षरओळख नव्हती. त्यांच्या कविता त्यांच्या निधनानंतर 1952 मध्ये पुस्तकरूपाने आल्या. या कवितेत संसारासाठी एकामागून एक उपमाने येतात. चुलीवरचा तवा, टोकाशी कडू आणि पुढे गोड लागणारी काकडी, वरून काटेरी आणि आत गुळगुळीत सागरगोटे असलेली शेंग. ही सगळी उपमाने हाताने हाताळलेल्या वस्तूंची आहेत. तव्याचा चटका ज्याने घेतला आहे, त्याला साधर्म्य सांगावे लागत नाही.

या कवितेत बहिणाबाई काही तुलना नाकारतातही. गळ्यातल्या हाराला लोढणे म्हणू नये आणि देवळाच्या कळसाला लोटा म्हणू नये, असे त्या बजावतात. लोढणे म्हणजे द्वाड गुराच्या गळ्यात अडकवलेला ओंडका. हार आणि लोढणे दोन्ही गळ्यातच असतात. कळस आणि लोटा यांचा घाट सारखा आहे. म्हणजे बाह्य साम्य आहे, पण ते धरून केलेली तुलना वस्तूवर अन्याय करते. चुकीचे साधर्म्य निवडले तर अर्थ कसा बिघडतो, याचा हा पाठ व्याकरणपुस्तिकेत सापडत नाही. शहरातील मुलाने लोढणे पाहिलेले नसेल, तर चित्र दाखवून किंवा वर्णन करून ते समोर आणावे लागेल. वस्तू डोळ्यांसमोर नसताना साधर्म्य विचारणे व्यर्थ आहे.

घरची भाषा आणि लाल शाई

दखनी बोलणारे मूल वर्गात येते तेव्हा ते आलंकारिक भाषा आधीच बोलत असते. त्याच्या दखनीवर मराठीची छापही आहे. ‘नक्को’ हा नकार आणि ‘मैंच’, ‘उनेच’ यांतील जोर देणारा ‘च’ या बोलीत मराठीतून आला आहे. तरीही मराठीच्या वहीत या मुलाचे घरचे वाक्प्रचार चुकीचे ठरतात. उर्दूत भूक लागली की पोटात उंदीर धावतात, मराठीत कावळे ओरडतात. मुलाने ‘पोटात उंदीर धावू लागले’ लिहिले की त्यावर लाल रेघ येते.

इथे मम्मटाचा रूढी आणि प्रयोजन हा भेद शिक्षकाला न्याय करायला मदत करतो. वाक्प्रचार हा रूढीचा विषय आहे. मराठी समाजाने कावळे ठरवले आहेत, म्हणून मराठीत कावळेच शिकले पाहिजेत. या बाबतीत आग्रह धरणाऱ्या शिक्षकाची बाजू बरोबर आहे. पण रेघ मारून थांबणे आणि ‘उर्दूत उंदीर, मराठीत कावळे, दोन्हींत भुकेने पोटात गडबड’ असे शेजारी लिहिणे, यांत मोठा फरक आहे. पहिल्याने मुलाला कळते की त्याला भाषा येत नाही. दुसऱ्याने कळते की त्याला एक येते आणि आता दुसरी येऊ लागली आहे. निबंधात किंवा कवितेत मुलाने स्वतः केलेली ताजी तुलना मात्र प्रयोजनाच्या कक्षेत येते. तिथे रूढीचा दंडक लावू नये. तिथे साधर्म्य जुळते का, एवढेच पाहावे.

प्रत्येक वेळी घरच्या शब्दाला मान देऊन चालत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. उर्दूत ‘पानी पानी होना’ म्हणजे शरमेने विरघळणे. मराठीत काळजाचे पाणी पाणी होते ते भीतीने किंवा दुःखाने. ‘चोरी पकडली गेल्यावर तो पाणी पाणी झाला’ असे मुलाने लिहिले तर त्याच्या मनात शरम असते आणि मराठी वाचक गोंधळतो. शब्द तेच, अर्थ वेगळा. हा फरक दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षकालाच दिसतो.

या दृष्टीने ‘ईद का चाँद होना’ आणि ‘उंबराचे फूल’ ही जोडी फार उपयुक्त आहे. दोन्हींचा अर्थ पुस्तिकेत ‘क्वचित दिसणारी व्यक्ती’ असा एकच दिला जातो. पण धागे तपासले तर अर्थ वेगळे होतात. उंबराची फुले असतात, पण ती फळासारख्या दिसणाऱ्या गोलाच्या आत असतात. बाहेरून ती कधीच दिसत नाहीत. ईदचा चाँद मात्र दिसतो. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी सारा मोहल्ला गच्चीवर येऊन पश्चिमेकडे पाहतो, सूर्यास्तानंतर थोडा वेळ कोर दिसते आणि मावळते. एकोणतिसाव्याला दिसला नाही, तर तीस रोजे पूर्ण करायचे. म्हणून पहिल्यात नुसती दुर्मीळता आहे आणि दुसऱ्यात वाट पाहणे आणि आनंदही आहे. बऱ्याच दिवसांनी आलेल्या मामूंना ‘तुम्ही तर ईदचा चाँद झालात’ म्हणणारे मूल तक्रार आणि प्रेम एकाच वेळी व्यक्त करत असते. मराठीत हा प्रयोग आला तर मराठीचे काही बिघडत नाही.

कथेची किल्ली

काही आलंकारिक शब्दांमागे कथा असते आणि ती माहीत नसेल तर शब्द बंद राहतो. ‘चौदावे रत्न’ म्हणजे मार, हे पाठ करणाऱ्या मुलाला समुद्रमंथनातून निघालेली चौदा रत्ने माहीत नसतील तर त्यातला विनोद कळत नाही. उलट ‘कारून का खजाना’ पाठ करणाऱ्या मुलाला कुराणातील सूरह कससमध्ये आलेला, संपत्तीचा गर्व करणारा आणि खजिन्यासह जमिनीने गिळलेला कारून माहीत नसेल, तर त्या शब्दांतला इशारा हरवतो. मराठीत याच अर्थाने ‘कुबेराचा खजिना’ म्हणतात. पण कुबेर हा धनाचा अधिपती आहे, त्याच्या कथेत तो इशारा नाही. औदार्यासाठी कर्ण आणि हातिमताई ही जोडी मात्र बरीच जुळते.

उर्दू काव्यशास्त्रात अशा उल्लेखाला तल्मीह म्हणतात. ज्या मुलाच्या घरी कर्णाची कथा सांगितली गेली नाही, त्याला ती वर्गात सांगणे हा भाषेचा पाठ आहे, श्रद्धेचा नाही. ज्या मुलाने हातिमताईचे नाव ऐकले नाही, त्यालाही हाच न्याय लागू आहे. दोन कथा एकाच तासात शेजारी ठेवल्या तर मुलांना शब्दांबरोबर शेजाऱ्याचे घरही थोडे कळते.

वर्गात काय करता येईल

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने बहुभाषिकतेकडे अडचण म्हणून न पाहता साधनसंपत्ती म्हणून पाहावे असे सुचवले आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही बहुभाषिकतेवर भर आहे. अध्यापक महाविद्यालयांतून तयार होणाऱ्या शिक्षकांना त्यासाठी पुढील गोष्टींचा सराव देता येईल.

पहिली गोष्ट वस्तूची. उंबर वर्गात आणून मधोमध कापावे आणि मुलांनी आतली फुले स्वतः पाहावीत. वाक्प्रचार त्यानंतर यावा.

दुसरी गोष्ट धाग्याची. कोणत्याही तुलनेनंतर ‘कोणत्या बाबतीत?’ आणि ‘कोणत्या बाबतीत नाही?’ असे दोन्ही प्रश्न विचारावेत. विद्या शमेसारखी आहे, पण शमा दुसऱ्याला ज्योत देऊनही जळत जळत संपते आणि विद्या दिल्याने संपत नाही. तुलना जिथे तुटते ती जागा सापडली की मूल तिचा खरा अर्थ पकडते.

तिसरी गोष्ट प्रसंगाची. वाक्यात उपयोग न विचारता तीन-चार वाक्यांचा प्रसंग लिहायला सांगावा आणि त्यात वाक्प्रचाराचा अर्थ न सांगताही कळला पाहिजे अशी अट घालावी. सुटे ‘रामूच्या पोटात कावळे ओरडू लागले’ या कसोटीवर टिकणार नाही.

चौथी गोष्ट दुहेरी वहीची. एका पानावर घरचा वाक्प्रचार आणि समोरच्या पानावर मराठीतील जुळणारा किंवा फसवा प्रयोग, अशी वही मुलांनी घरातील मोठ्यांना विचारून तयार करावी. दादी आणि नानी यांच्या बोलण्यातील असंख्य प्रयोग कोणत्याही कोशात सापडणार नाहीत.

समारोप

मोठ्या वर्गात, मर्यादित तासिकांत आणि परीक्षेच्या दडपणाखाली हे सर्व साधणे सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. ‘अलंकार ओळखा’ हा प्रश्न तपासायला सोपा आहे आणि तो एकाएकी जाणारही नाही. पण तोच प्रश्न ठेवून त्यापुढे ‘कशावरून?’ हा एक शब्द वाढवला तरी विद्यार्थ्याला खूण सोडून धागा शोधावा लागेल. हालींनी 1893 च्या आपल्या मुकद्दम्यात कवितेकडून साधेपणा आणि असलियत यांची अपेक्षा केली होती. शाळेच्या वहीकडूनही तेवढीच अपेक्षा करायला हरकत नाही. मूल स्वतः पाहिलेल्या वस्तूवरून तुलना करते तेव्हा ती अपेक्षा पुरी होते. मग ती वस्तू चुलीवरचा तवा असो किंवा गच्चीवरून दिसलेली चंद्राची कोर. त्या तुलनेवर लाल शाई चालवण्यापूर्वी शिक्षकाने तिचा धागा एकदा तरी शोधून पाहिला पाहिजे.